गल्लीची मेंबरशिप

सिंधूकाकू आंघोळीला जाताना मला सांगून जात. उज्जैनच्या माधव नगरातल्या मागच्या गल्लीत आमची दोन्ही घरं एका भिंतीची. सकाळी मी डबा भरत असले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "मंदा, मी न्हाणीत चालले ग. बेल वाजली तर म्हणावं, पाच मिनिटं थांब." सत्तरीला टेकलेली बाई, घर स्वतःचं, घरात दुसरं माणूस नाही, आणि आंघोळीला जायचं तर शेजारणीकडे रजा टाकायची. आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला. मी तशी तोंडाळ आहे. विम्याच्या कचेरीत काउंटरवर जन्म काढला की माणूस तोंडाळ होतोच. पण काकूंवर तोंड टाकायची सोय नव्हती. त्या हसून म्हणायच्या, "अग, तो बिचारा उन्हातून येऊन राहिलाय. दार बंद दिसलं तर काय वाटेल त्याला?"

तो म्हणजे पार्सल आणणारा. रोज वेगळा असे, पण काकूंच्या लेखी तो एकच होता आणि बाराही महिने उन्हातच असे. आधी त्याला पाणी, पाण्याबरोबर गुळाचा खडा नाहीतर चिमूटभर सेव. मग फोनवर आलेले आकडे चष्मा लावून एकेक करत वाचून दाखवायचे, आणि मग कुठे खोका हातात घ्यायचा. एकदा एकानं घाईघाईनं "माताजी, पहले ओटीपी" म्हटलं, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "पहले पानी, बेटा. नंबर कहीं भाग नहीं रहा." दारात आलेलं माणूस कोरड्या तोंडानं जाऊ नये, ही त्यांच्या घरची शिस्त. सासरचे मूळपुरुष दरबाराच्या दफ्तरात होते म्हणे. दरबार गेला, दफ्तर गेलं, शिस्त तेवढी सुनांच्या वाट्याला राहिली.

त्या सुनांमधल्या काकू शेवटच्या. त्यांच्या सासूबाई, म्हणजे माई, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं काकूंनी केलं. माई गेल्या आणि काकांना अर्धांगवायू झाला. त्यांचंही काकूंनीच केलं. काका गेले त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा काकूंना रस्त्यावर बिनकामाचं बघितलं. घड्याळाच्या टॉवरपाशी उभ्या होत्या, हातात पिशवीसुद्धा नव्हती. स्कूटर थांबवून विचारलं, काय आणायला निघालात? म्हणाल्या, "काही नाही ग. बघून राहिले." इतक्या वर्षांनी त्या बाईला नुसतं बघायला फुरसत मिळाली होती. मला इतकं बरं वाटलं की मी स्कूटर तिथेच लावली आणि आम्ही दोघींनी उभ्याउभ्या कचोरी खाल्ली.

त्या दिवसांत काकू खूप फिरल्या. भाजी स्वतः आणायच्या, आणि दर पंधरवड्याला नानाखेड्याच्या स्टँडवरून बस धरून इंदूरला अक्कांकडे जायच्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तिथे लेकीकडे राहायची. काकू अगदी तान्ह्या असताना त्यांची आई गेली. सिंधूला वाढवलं ते अक्कांनीच. काकूंना आईचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, फोटो काढायची तेव्हा कोणाला ऐपत होती. आई कशी होती, कशी बोलायची, कशी रागवायची, हे जगात एकट्या अक्कांना माहीत. दर खेपेला अक्का थोडी थोडी आई सांगायच्या आणि काकू परत आल्या की ती मला सांगायच्या. आईला म्हणे भाकरी थापताना गुणगुणायची सवय होती. हे सांगताना काकूंच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

मग वैशालीनं मेंबरशिप घेतली. वैशाली काकूंची एकुलती एक लेक, बंगळूरला असते. आईनं या वयात बाजारात धक्के खाऊ नयेत म्हणून तिनं कुठल्याशा ऑनलाइन दुकानाची वर्षाची मेंबरशिप भरली आणि काकूंच्या फोनमध्ये सगळं बसवून दिलं. आज मागवा, उद्या दारात, पोचवायचे वेगळे पैसे नाहीत. लेकीनं मायेनंच केलं, त्यात वाद नाही. पण काकूंना लागणार काय? अंगाचा साबण आणि खोबरेल तेल. मेंबरशिप नुसतीच पडून राहिली आणि काकूंना ती टोचायला लागली. भरलेली गोष्ट वाया जाते म्हणजे काय, कोणाच्या तरी उपयोगी पडायला पाहिजे. तेवढ्यात समोरच्या पाठकवहिनींच्या कुकरची शिटी हरवली. त्या स्वतःच मेंबरशिप घ्यायच्या विचारात होत्या, पण काकू म्हणाल्या, "तुम्ही कशाला घेता? एका गल्लीत एक पुरे."

हे वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत टेलिफोन पहिल्यांदा आला तो काकूंच्याच घरी. सगळ्या गल्लीनं आपापल्या सग्यासोयऱ्यांना तोच नंबर देऊन ठेवला होता, पुढे पीपी लिहून, म्हणजे शेजाऱ्याचा. फोन वाजला की माई ओट्यावरून हुकूम सोडायच्या, आणि नवी सून सिंधू पदर सावरत कधी पाठकांकडे, कधी कोपऱ्यावरच्या शर्मांकडे धावत सुटायची. कोणाला मुलगा झाला, कोणाची बदली झाली, कोण गेलं, सगळं आधी हिच्या कानावर. एका घरी विहीर असते, एका घरी फोन असतो, आणि ज्याच्या घरी असतो त्यानं नाही म्हणायचं नसतं. काकूंनी मेंबरशिपलाही तोच कायदा लावला. नाही म्हणायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

शिटीपासून सुरुवात झाली आणि वर्षभरात सगळी गल्ली काकूंच्या फोनमध्ये शिरली. शर्मा भाभींच्या नातवाचे लंगोट, पाठकांच्या घरचे पडदे, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे डंबेल्स. संध्याकाळी एकेक जण यायचा, काकूंच्या फोनवर बोट फिरवून हवं ते मागवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावून कामावर जायचा. पैसे सगळे चोख देत, तो प्रश्न नव्हता. प्रश्न असा की मेंबरशिप कोणीही घेऊ शकलं असतं, पण दिवसभर दार उघडं ठेवून बसणाऱ्या काकू कुठल्या दुकानात मिळणार होत्या? त्या आयत्या मिळाल्या होत्या. हे गल्लीला पक्कं कळत होतं आणि काकूंनाच कळत नव्हतं.

बघता बघता काकू घरात बसल्या. भाजी मी आणायला लागले. दुपारी डोळा लागेल म्हणून त्या पलंगावर आडव्या होईनात, बाहेरच्या खोलीत खुर्चीतच पेंगायच्या. फोन एका कापडी पिशवीत घालून ती कमरेला खोचलेली असे. इंदूरला जाणं पंधरवड्याचं महिन्यावर गेलं, मग सणावारावर. एकदा वैशालीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती आनंदानं सांगत होती की ॲपमध्ये सगळं दिसतं, आई, किती छान वापरतेस ग तू. काकू "हो ना" म्हणाल्या. पहिलं वर्ष संपलं आणि मेंबरशिप आपोआप पुढच्या वर्षात गेली, कोणी काही विचारलं नाही. वर्षाबरोबर ती संपेल अशी मी जरा आशा लावून बसले होते, माझीच जिरली.

एका रविवारी माझा संयम सुटला. मी म्हटलं, काकू, भीड भिकेची बहीण, ऐकलंय ना? हे लोक तुमच्या डोक्यावर मिरी वाटताहेत. माईंचं केलंत, काकांचं केलंत, आता ह्या खोक्यांचं करताय. त्या ऐकत राहिल्या, रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्याच्यानं होत नाही ग. शब्द तोंडापर्यंत येतो, आणि समोरच्याचा चेहरा बघितला की गिळला जातो." मी म्हटलं, मग फोन बंद करून ठेवा. त्यांनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला आणि विचारलं, "आणि अक्काचा आला तर?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अक्कांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पुढच्या रविवारी मी काकूंना बळेच बसमध्ये घातलं आणि बरोबर गेले. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेलेला, जीभ मात्र शाबूत. सिंधूला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसायचा संकोच वाटला. काकूंचा हात धरून त्या म्हणाल्या, आज तुला आईचं सांगते, शेवटच्या दुखण्यात ती काय म्हणाली ते. आणि काकूंच्या कमरेला फोन वाजला. उज्जैनहून पार्सलवाला. रविवार म्हणून शर्मा भाभी घरात होत्या, खोका त्यांनी घेतला, पण आकडे काकूंच्या फोनवर. काकूंनी चष्मा शोधला, आकडे सांगितले, "हं अक्का, बोल" म्हणाल्या. अक्कांनी परत धागा धरला, परत फोन. दुपारभर तेच चाललं. एक पार्सलवाला तर मेला आकडे ऐकून घेईना, म्हणे नेटवर्क नाही, आणि काकू मरणाच्या दारातल्या बहिणीच्या उशाशी मोठमोठ्यानं "सात, दो, दो, नौ" ओरडताहेत.

अक्का ती गोष्ट सांगायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सिंधू, सासूचं करत होतीस तेव्हा मी बोलले नाही. नवऱ्याचं केलंस, तेही बरोबर. आता हे कोणाचं करतेस?"

काकूंनी मान खाली घातली. अक्कांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा लहान मुलीच्या फिरवतात, आणि म्हणाल्या, "आठ दिवस ये माझ्याकडे. तो फोन वाजवू नकोस. मला तुला आई सांगायचीय, माझ्याबरोबर जायला नको ती."

परतीच्या बसमधून उतरताना काकू म्हणाल्या की सगळं आटपते आणि जाते. हे आटपणं हाच आमच्या बायकांचा घात. गावाला जायचं तर ओटा पुसून, दूध संपवून, देवाची भांडी घासून जायचं, मागे काही ठेवायचं नाही. मी म्हटलं, उद्याच निघा. तर म्हणाल्या की येणारी पार्सलं तेवढी येऊन जाऊ दे, तिथे परत फोन वाजला तर अक्काला काय तोंड दाखवू. गल्लीला त्यांनी सांगितलं, मी आठ दिवस अक्काकडे जाऊन राहिलेय. सगळ्यांनी जरूर जा, जरूर जा म्हटलं, आणि प्रत्येकानं जाण्याआधीचं म्हणून एक एक मागवून घेतलं.

एकेक करून सगळी आली. राहिलं शेवटचं, पाठकवहिनींचं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पाहुणे येणार म्हणून त्यांनी दारातलं पायपुसणं मागवलं होतं. त्या दिवशी सकाळी काकू बॅग भरून तयार होत्या. फोनवर दिसत होतं, आज दुपारपर्यंत. मी कचेरीतून संध्याकाळी आले तर दार उघडं, बॅग उंबऱ्याशी, आणि काकू पायात चपला घालून खुर्चीत बसलेल्या. दुपारची संध्याकाळ झाली होती, संध्याकाळचं आता रात्री नऊपर्यंत दाखवत होतं. मला इतका संताप आला की मी पाठकवहिनींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकू म्हणाल्या, "आठ घरं पलीकडे आलाय ग तो, नकाशात दिसतोय. एवढं आलं की मी सुटले." तो आला नाही. शेवटच्या बसची वेळ टळून गेली. मी बजावलं, सकाळी पायपुसणं येवो न येवो, मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवणार. त्यांनी हो म्हटलं.

सकाळी मी रजा टाकून त्यांच्याकडे गेले. आम्ही कुलूप लावत होतो आणि फोन वाजला. काकूंनी सवयीनं पिशवीतून काढला, सवयीनं दुसऱ्या हातानं चष्मा चाचपला आणि म्हणाल्या, "हाँ भैया, बोलो."

पलीकडे अक्कांची लेक रडत होती.

त्या बसप्रवासात मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, डोळे कोरडे. मध्येच म्हणाल्या, "आईचं राहिलं." अक्कांना उचललं त्यानंतर तासाभरानं पायपुसणं आणणाऱ्याचा फोन आला. तो मी घेतला. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्या पोराचा त्यात काही दोष नव्हता हे मलाही कळत होतं.

तेराव्यानंतर काकू घरी आल्या. गल्ली रीतीप्रमाणे भेटायला आली. बायका यायच्या, डोळ्याला पदर लावायच्या, अक्का किती चांगल्या होत्या म्हणायच्या, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं त्यासुद्धा. आणि उठता उठता हळूच, "काकू, तुम्ही जरा सावरलात की एक छोटंसं मागवायचंय." एक नाही, दोन नाही, जी ती तेच. मी भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. पाठकवहिनी शेवटी आल्या. त्यांनी तर बसायच्या आधीच विषय काढला, लग्न तोंडावर आलंय, रुखवताचं सामान राहिलंय, तेवढा फोन द्याल का, मी इथेच बसून मागवते. आणि हात पुढे केला.

काकूंनी त्या हाताकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "वहिनी, मला सुतक आहे."

पाठकवहिनींचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. त्यांनी अडखळत विचारलं, अजून? लग्न झालेल्या बहिणीचं तर तीन दिवस पाळतात. काकू म्हणाल्या, "आईसारखी होती ती. मला आहे अजून. लग्नघरात माझ्या हातचं काही यायला नको." आमच्या गल्लीत लोक पोलिसाला उलट बोलतील, सुतकाला नाही बोलणार. पाठकवहिनी अंग चोरत उंबऱ्याबाहेर पडल्या आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी कोपऱ्यापर्यंत पोचली.

त्यानंतर काकूंकडे कोणी फोन मागायला आलं नाही. महिन्याभरात पाठकांनी स्वतःची मेंबरशिप घेतली, शर्मांनीही घेतली. त्यांच्या घरात आता कोण थांबतं, कोण दार उघडतं, मला माहीत नाही आणि कळवळाही नाही. एखादा चुकार पार्सलवाला काकूंच्या दारात आलाच तर त्या खिडकीतूनच "सूतक है भैया" म्हणायच्या, आणि तो आपसूक दोन पायऱ्या खाली उतरायचा. पाणी देता येत नाही म्हणून मात्र काकूंचा जीव तुटायचा. तेवढं एक मी करायचे, माझ्या खिडकीतून.

पण सुतक म्हटलं की ते पाळावं लागतं, आणि काकू ते खरोखर पाळत होत्या. देवाला हात लावायच्या नाहीत, त्यांच्या देवापुढे दिवा मी लावायचे. देवळात जायच्या नाहीत. पाठकांच्या लग्नाला गेल्या नाहीत, दिवाळीला दारात रांगोळी काढली नाही. माणसाला एका कोंडीतून सुटायला दुसरी कोंडी घ्यावी लागावी, ह्याचं मला फार वाईट वाटायचं. संध्याकाळी तेवढ्या त्या रिक्षा करून घाटावर जायच्या, फोन घरी ठेवून. नदीला कसलं सुतक, म्हणायच्या. कधी मी बरोबर असायचे. त्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहायच्या आणि कधीकधी हलकेच काहीतरी गुणगुणायच्या. सूर काही मला ओळखू आला नाही. त्यांनाही तो पुरता माहीत नसावा.

गेल्या श्रावणात काकू गेल्या, झोपेतच. त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही घाटावर बसलो होतो. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, काकू, अक्कांना जाऊन वर्ष व्हायला आलं. देवाधर्माचं सगळं सोडून बसलात. फिटलं आता तुमचं सुतक, केव्हाच फिटलं.

काकू म्हणाल्या, "कळतं ग मला. पण अक्कानं जाता जाता मला हे एवढंच दिलंय. वापरू दे."